मरीआई, मोडशी, कॉलरा

रोगाच्या नावात रोगाचे कारण सापडेल, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तिथे सापडते ते नाव ठेवणाऱ्याचे मत. सातारा-सांगलीकडे विज्ञान शिकवताना मी कॉलऱ्याचा धडा म्हणून शब्दांपासूनच सुरू करतो.

'कॉलरा' शब्द मूळ ग्रीक. 'खोले' म्हणजे पित्त. पित्त बिघडल्याने जुलाब-वांत्या होतात, ही जुन्या ग्रीक वैद्यांची समजूत त्यात आहे. समजूत केव्हाच मोडीत निघाली, शब्द तेवढा राहिला. 'मलेरिया' म्हणजे इटालियनमध्ये वाईट हवा, तेही तसेच. त्यापेक्षा आपला 'हिवताप' प्रामाणिक, दिसते तेवढेच सांगणारा. तेव्हा परदेशी नाव आले म्हणजे ते शास्त्रीय, हा शिकलेल्यांचा समज आधी सोडला पाहिजे.

'मोडशी'ने तर उलटा प्रवास केला. आज आपण अपचनाला मोडशी म्हणतो. पूर्वी तो पटकीलाही वापरात होता. 'मोडणे'वरून आलेला, रोगी मोडून पडतो म्हणून. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला, त्यात हा शब्द नोंदलेला आहे. पोर्तुगीजांच्या तोंडी तो 'मोर्देशी' झाला आणि फ्रेंचांनी त्याचे 'मोर द शियाँ' केले. अर्थ काय, तर कुत्र्याची मौत!

आता मरीआई. संस्कृतात 'मारी' म्हणजे जीवघेणी साथ. काही अभ्यासक तिचे नाते तमिळ मारीअम्मनशी जोडतात. तमिळमध्ये 'मारी' म्हणजे पाऊस. पावसाच्या पाण्याबरोबर गावची घाण विहिरीत उतरते, हे ध्यानात घेतले तर ही व्युत्पत्ती विचार करायला लावते. पण व्युत्पत्तीपेक्षा या नावाने काय काम केले ते महत्त्वाचे. रोग देवी झाला की त्यावर उपाय नैवेद्याचा आणि राबणूक आपल्या माणसांची. मरीआईचे ठाणे गावकुसाबाहेर, आपल्या वस्तीलगत. तिचा गाडा शिवेपार न्यायचा महारांनी, कोरडा अंगावर ओढून घ्यायचा पोतराज झालेल्या मातंगाने. साथ साऱ्या गावाची, ती अंगावर घेणारे मात्र ठरलेले. (शिवेपलीकडचे गावही गाडा तसाच पुढे ढकलणार, हा भाग वेगळाच.)

१८५४ मध्ये लंडनच्या जॉन स्नोने कॉलऱ्याचा माग एका सार्वजनिक पंपापर्यंत काढला. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू दाखवला. त्यानंतर प्रश्न एकच उरला: पाण्यात मैला कुठून मिसळतो? आपल्याकडे पाण्याविषयी विचारला जाणारा प्रश्न दुसराच होता: शिवले कोणी? ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. शिपायाने नळ सोडला नाही तर त्यांना तहानलेलेच राहावे लागे. त्या नळाचे रक्षण जंतूंपासून चाललेले नव्हते.

म्हणून पाठ्यपुस्तकातले 'शुद्ध पाणी' मला खटकते. शुद्ध म्हटले की मागून विटाळ येतोच. एका मुलाने उत्तरात लिहिले होते, 'देवळातल्या आडाचे पाणी शुद्ध असते.' त्याला चूक म्हणायला पुस्तकाच्या शब्दात आधार नव्हता. 'निर्जंतुक' म्हटले की आधार मिळतो: पाणी उकळले का, आडात टीसीएल पावडर टाकली का, एवढेच बघायचे. परीक्षेत 'शुद्ध' लिहूनही गुण मिळतात. माझ्या वर्गात मात्र तो शब्द खोडून 'निर्जंतुक' लिहावा लागतो.