अर्हतांची पंक्ति

परदेशीं असलेल्या आमच्या पुतण्यानें विचारलें, "काका, येथें एका दुकानांत चिनी बौद्ध साधूचें जुनें पाषाणमस्तक विकावयास आहे. दिवाणखान्यासाठीं घेऊं काय?" मुलांस तें हवेंसें वाटलें, वडील मंडळी म्हणालीं, "खंडित मूर्ति घरांत नको." आम्हीं जें उत्तर धाडलें, तें वाचकांसही सांगतों.

चीनमध्यें अशा साधूंस 'लोहान' म्हणतात. शब्द परका वाटतो, परंतु तो आपल्याच 'अर्हत्' शब्दाचें चिनी रूप होय. 'अर्ह्' म्हणजे योग्य असणें. ज्यानें राग, द्वेष व मोह जिंकले तो अर्हत्. सातव्या शतकांत महाराष्ट्रांतही येऊन गेलेल्या ह्युएनत्संगानें इ. स. ६५४ मध्यें सोळा अर्हतांची नांवें व निवासस्थानें सांगणाऱ्या ग्रंथाचें चिनी भाषांतर केलें. त्यांतील पहिलें नांव पिंडोल भारद्वाज. गोत्र पाहून वाचकांस आपलेपणा वाटेल.

ह्युएनत्संगाच्या जन्मभूमीजवळच, लोयांग नगराबाहेर यी नदीच्या कांठीं, लोंगमेनचीं लेणीं आहेत. चुनखडीच्या त्या कड्यांत लाखाहून अधिक लहानमोठ्या मूर्ति आहेत. सम्राज्ञी वू हिच्या काळांत कोरलेल्या कानजिंग नामक लेण्यांत भिंतींच्या पायथ्याशीं २९ अर्हत् उभे आहेत. महाकाश्यपापासून चालत आलेली ही गुरुपरंपरा होय, असें विद्वान् मानतात. पुरुषभर उंचीच्या या मूर्तींत देवत्वाचा थाट नाहीं. गुरूमागून शिष्य निघावा तसे हे साधु एकामागून एक चालले आहेत.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत परदेशी गिऱ्हाइकें वाढलीं आणि चोरांच्या छिन्न्या लोंगमेनला पोंचल्या. कड्याशीं एकजीव असलेली मूर्ति सबंध निघणें कठीण. म्हणून बहुधा मस्तकेंच तोडलीं गेलीं. कानजिंगच्या पंक्तींतून तर प्रत्यक्ष महाकाश्यपच, म्हणजे परंपरेचा मूळपुरुषच, फोडून नेला गेला! तो मूर्तिभाग कॅनडाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयांत पोंचला होता. त्या संस्थेनें २००१ सालीं तो आपण होऊन चीनला परत केला. विद्येचें घर म्हणवणाऱ्या संस्थेस हेंच शोभतें.

म्हणून आम्हीं पुतण्यास लिहिलें, "बाळ, वडील मंडळींचें म्हणणें खरें आहे, पण मूर्ति आपोआप खंडित होत नाहीं, ती कोणीतरी केलेली असते. दुकानदारास एवढेंच विचार, कीं या मस्तकाचें धड कोठें आहे, आणि तें येथें कोणत्या कागदाच्या आधारें आलें?"

दुकानदारानें विषय बदलला, असें पुतण्याचें पत्र आलें. दिवाणखान्यांतील कोनाडा रिकामाच आहे. मुलांनीं तेथें त्या २९ अर्हतांचें छायाचित्र लावावयाचें ठरविलें आहे.