इतिहासाची दोन्ही पाने

लंडनच्या वायव्य सीमेवरील स्टॅनमोर हे स्थळ इतिहासाने संपन्न आहे. येथील बेंटले प्रायरी या वास्तूतून 1940 मध्ये ब्रिटनच्या आकाशाचे रक्षण करणाऱ्या लढाऊ विमानदलाची सूत्रे हलली. लगतच्या लिटल स्टॅनमोर भागात ड्यूक ऑफ चँडोस याचा कॅनन्स हा भव्य प्रासाद होता आणि हँडेलसारखा थोर संगीतकार 1717-18 मध्ये त्याच्या आश्रयास होता. परंतु याच ड्यूकने गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीतही पैसा गुंतविला होता. मुलांना हँडेलचे संगीत सांगावे आणि कंपनीचे नाव गाळावे, तर तो इतिहास अर्धाच ठरेल.

त्या गाळलेल्या पानाशी गिरमिटियांच्या वंशजांचा निकटचा संबंध आहे. 1833 च्या कायद्याने गुलामगिरी रद्द झाली, तेव्हा भरपाईचे 2 कोटी पौंड मिळाले ते मालकांना; मुक्त झालेल्यांना नव्हे. उसाच्या मळ्यांना नवे हात हवे होते. म्हणून 1834 पासून हिंदी मजुरांची जहाजे मॉरिशसला लागू लागली. त्यांत पुढे मुंबई बंदरातून गेलेली कोकणची मराठी माणसेही होती. करार पाच वर्षांचा, वेतन महिना 5 रुपये आणि एका दिवसाच्या गैरहजेरीस दोन दिवसांची मजुरी कापली जाई.

ही प्रथा बंद करावी, असा ठराव नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी 4 मार्च 1912 रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला. बाजूने 22 आणि विरुद्ध 33 मते पडून तो फेटाळला गेला. पण त्यातून उठलेला आवाज विरला नाही. 1917 मध्ये मजूरभरती थांबली.

इंग्लंडमध्ये 2014 पासून लागू झालेल्या इतिहासाच्या अभ्यासक्रमात गुलामांचा व्यापार व भारताचे स्वातंत्र्य हे विषय केवळ उदाहरणादाखल सुचविले गेले. गिरमिटाचा उल्लेखही आला नाही. शिकवावे की वगळावे, हे शाळेवर राहिले. अशा वेळी घरची कागदपत्रे व वडीलधाऱ्यांच्या आठवणी शिक्षकांपर्यंत पोहोचविणे हे पालकांचेच कर्तव्य ठरते.

मात्र सत्याची मागणी करणाऱ्याने ते स्वतःविषयीही ऐकावयास हवे. भोळ्या खेडुतांना फसवून डेपोत नेणारे अरकाटी हे बहुधा हिंदीच होते आणि समुद्र ओलांडून परतलेल्यांना जातीबाहेर ठेवणारेही स्वकीयच होते. मुलांच्या हाती इतिहास द्यावयाचा तो अभिमान फुलविण्यासाठी किंवा द्वेष पेरण्यासाठी नव्हे, तर घडले ते घडले तसे जाणण्यासाठी.