माद्यांच्या भाषेत बोलणारा शिकारी

इ.स. १६१२ मध्ये मुकर्रबखान या सरदाराने बादशहा जहांगीर याच्या हुकुमावरून गोव्याहून ज्या अपूर्व चिजा खरीदून दरबारी रुजू केल्या, त्यांत एक टर्की पक्षी होता. त्याच्या मस्तकावरील व मानेवरील उघडे कातडे कधी तांबडे, कधी पांढरे तर कधी निळे होते, हे पाहून बादशहा इतका विस्मित झाला की, ती गोष्ट त्याने आपल्या आत्मवृत्तात नमूद केली आणि उस्ताद मन्सूर या चित्रकाराकडून पक्ष्याचे चित्रही काढविले. या पक्ष्याची मूळ भूमी अमेरिका. आणि तेथील अरण्यात रानटी टर्कीच्या शिकारीस जाणाऱ्याने नेमके हेच तीन रंग, अगदी हातरुमालापुरतेही, जवळ बाळगू नयेत असा दंडक आहे.

या दंडकाचे कारण शिकारीच्या पद्धतीतच आहे. वसंत ऋतूत पहाटे नर झाडावरील मुक्कामावरून गर्जू लागतो, पिसारा फुलवून मिरवतो आणि माद्या आपण होऊन त्याच्याकडे जातात. शिकारी हा निसर्गक्रमच उलटा करू पाहतो. नखशिखान्त झाडोऱ्याच्या रंगाचा पेहराव करून, तोंडावरही जाळी ओढून तो एका जागी बसतो आणि मादीचा आवाज काढून नराला आपल्याकडे बोलावतो. याकरिता लाकडी पेटीचे जे वाद्य वापरतात, त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूस खडू चोळून ते पेटीच्या पातळ कडेवरून अलगद ओढले म्हणजे मादीची आर्जवी साद उमटते. हात मोकळे ठेवावयाचे असल्यास जिभेवर टाळूशी धरावयाचा रबरी पडदाही मिळतो. नवशिका बहुधा येथेच फसतो. उत्तर मिळाले की त्याला हर्षवायू होतो आणि तो वाजवीतच सुटतो. नर मात्र मादी येते आहे अशा खात्रीने दूर जागच्या जागी मिरवत राहतो. दोनचार सादा घालून मग मौन धरावे, म्हणजे मादी कोठे गेली हे पाहावयास नर स्वतः निघतो. मात्र त्या वेळी बोट हलले तरी सारे संपले, कारण या पक्ष्याला गंधज्ञान बेताचेच असले तरी त्याची दृष्टी विलक्षण तीक्ष्ण असते.

माझ्या मते या शिकारीतले कौशल्य आणि तीतला धोका या दोन निराळ्या वस्तू नव्हेतच. जो मनुष्य झाडोऱ्यात पुरता दिसेनासा झाला आहे आणि हुबेहूब टर्कीसारखा ओरडतो आहे, तो दुसऱ्या उतावळ्या शिकाऱ्याला टर्कीच वाटणार, आणि त्यात तांबडानिळा रंग चमकला तर शंकेलाही जागा उरणार नाही. म्हणून खांद्यांहून रुंद बुंध्याला पाठ टेकून बसावे, म्हणजे पाठीमागून येणाऱ्या छऱ्यांपासून रक्षण होते. पक्ष्याच्या आवाजाच्या रोखाने दबकत जाणे कटाक्षाने टाळावे. तो आवाज माणसाचाही असू शकतो. दुसरा शिकारी दृष्टीस पडलाच, तर हात हलवून खुणा करू नयेत किंवा पक्ष्याचा आवाज काढू नये, तर बसल्या जागेवरून खणखणीत मनुष्यवाणीने हाक द्यावी.

चापावर बोट जाण्यापूर्वी पक्षी समग्र दिसला पाहिजे, आणि वसंतात बहुतेक ठिकाणी नरच मारण्याची परवानगी असल्यामुळे त्याच्या छातीवरील केसाळ दाढीचीही खातरजमा केली पाहिजे. सामान्य छऱ्यांच्या बंदुकीचा पल्ला चाळीस गजांपर्यंतच धरावा. नेम अंगावर न धरता मस्तक व मान यांवर धरावा. आपल्या बंदुकीचे छरे किती दाट पडतात, हे हंगामापूर्वीच कागदी लक्ष्यावर पाहून ठेवणे शहाणपणाचे. पिसारा फुलवताना नर मान आखडून घेतो. अशा वेळी एक तुटक आवाज काढला की तो मान उंचावतो, आणि बार काढण्याचा क्षण तोच. पडलेला पक्षी नारिंगी कापडात गुंडाळूनच रानाबाहेर न्यावा.

विसाव्या शतकाच्या आरंभी जंगलतोड आणि बाजारासाठी होणारी बेसुमार शिकार यांमुळे हा पक्षी अनेक राज्यांतून नाहीसा झाला होता. १९३७ च्या पिटमन–रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न वन्य प्राण्यांकडे वळविले. तरीही पिंजऱ्यात वाढवून सोडलेले पक्षी रानात तगेनात. अखेर तोफेने फेकावयाच्या जाळ्यांत रानटी पक्षी पकडून ते ओसाड मुलखात नेऊन सोडण्याची तजवीज यशस्वी झाली आणि त्यांची संख्या साठ लाखांच्या घरात गेली. परंतु आग्नेयेकडील राज्यांत ती पुन्हा घसरू लागली आहे. म्हणून मारलेल्या पक्ष्याची वर्दी राज्याच्या वन्यजीव खात्यास देणे तेथे बहुतेक ठिकाणी सक्तीचे असते. खात्याच्या दप्तरी जमणाऱ्या या नोंदी हंगामाची मुदत व पक्ष्यांची मर्यादा ठरविताना उपयोगी पडतात. जॉर्जियाने २०२२ मध्ये आणि टेनेसीने २०२३ मध्ये हंगाम उशिरा सुरू करून दर शिकाऱ्यामागे दोनच पक्ष्यांची मर्यादा घातली.