शेजारचं बंदर : कल्याण

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरची माणसं रोज ज्या कल्याणला गाडी बदलतात, ते एके काळी दर्यावर्दी व्यापाऱ्यांचं गाव होतं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात ते 'कल्लिएना' या नावाने येतं. सत्ताधाऱ्यांच्या वैरामुळे तेव्हा इथला व्यापार अडला होता. इथे लागलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला धाडली जात. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दानशूरांची नावं आजही वाचता येतात. सहाव्या शतकात कॉसमस हा व्यापारी इथल्या पितळेची, शिसवी ओंडक्यांची आणि कापडाची नोंद करतो.

१६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्याच खाडीत जहाजबांधणी सुरू केली. मराठी आरमाराचा पाया असा गोड्या-खाऱ्या पाण्याच्या संगमावर घातला गेला, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगायला हवं. पुढे १८५४ मध्ये ठाण्याहून आगगाडी इथवर आली.

पाहायचं तर आधी दुर्गाडी किल्ला. नवरात्रात इथे देवीची मोठी जत्रा भरते. एरवी पश्चिमेच्या बाजूने खाडी न्याहाळावी. ओहोटीला उघडा पडणारा गाळ पाहिला की आता इथे मोठी जहाजं का येत नाहीत ते कळतं.

मग अंबरनाथचं शिलाहारकालीन शिवमंदिर, शिलालेखानुसार इ.स. १०६० चं. मंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावं लागतं. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं सकाळच्या तिरप्या उन्हात नीट दिसतात, महाशिवरात्रीच्या गर्दीत नव्हे.