दाखवलेली वस्तू आणि न सांगितलेला मोबदला

आपल्या धर्मग्रामांतील अनेक तरुण-तरुणी आज चित्रफिती तयार करून यूट्यूबवर प्रसारित करीत असतात. कुणी घरगुती पाककृती दाखवतो, कुणी पावसाळ्यातील कोकण, तर कुणी नाताळचा गोठा. हे श्रमाचे काम आहे व त्याचा मोबदला मिळावा ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु यूट्यूबवरील जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी वाहिनीचे किमान १००० सदस्य असावे लागतात आणि बारा महिन्यांत तिच्या चित्रफिती ४००० तास पाहिल्या जाव्या लागतात. लघुचित्रफितींसाठी वेगळा निकष आहे. तेथवर न पोहोचलेल्यांपुढे एक मार्ग खुला असतो, तो म्हणजे ‘प्रॉडक्ट प्लेसमेंट’.

नेहमीची जाहिरात कार्यक्रम थांबवून येते. येथे मात्र वस्तू कथेतच विराजमान होते. २०१६ साली आलेल्या ‘ट्रिपलिंग’ या हिंदी वेबमालिकेत तीन भावंडे ज्या मोटारीतून प्रवास करतात ती टाटांची टियागो होती. अशा मोठ्या निर्मितीत कंपन्यांशी रीतसर करार होतात. छोट्या निर्मात्याला मात्र कधी ठरावीक रक्कम मिळते, कधी वस्तू किंवा फुकट मुक्काम, तर कधी त्याच्या सवलत-कोडवर झालेल्या विक्रीतील दलाली. ही जाहिरात प्रेक्षकाला वगळता येत नाही, हा जाहिरातदाराचा लाभ. पण ती जाहिरात आहे हेच प्रेक्षकाला कळत नाही, आणि धोका नेमका येथेच आहे.

एका तरुणाने मला विचारले, “फादर, त्या रिसॉर्टवाल्यांनी मला दोन दिवस फुकट ठेवले. पैसे तर घेतले नाहीत, मग ती जाहिरात कशी?” कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी झाली. २० जानेवारी २०२३ रोजी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवरून शिफारस करणाऱ्यांसाठी स्वतंत्र पुस्तिकाही काढली. तीनुसार रोख रक्कमच नव्हे, तर भेटवस्तू, सवलत, सहल, फुकट मुक्काम, इतकेच काय कौटुंबिक वा नोकरीचा संबंधही उघड करणे आवश्यक आहे. ही सूचना चित्रफितीच्याच भाषेत आणि प्रत्यक्ष चित्रफितीत हवी. केवळ खालच्या वर्णनात लिहून भागत नाही. दिशाभूल झाल्यास १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. यूट्यूबही चित्रफीत चढवताना सशुल्क प्रसिद्धीची नोंद करण्यास सांगते.

कायद्यापलीकडचा प्रश्न शेजारधर्माचा आहे. कोकणच्या हापूसला ऑक्टोबर २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; तरीही हंगामात परप्रांतीय आंबा रत्नागिरीच्या नावाने विकला जातो. समजा, फुकट मिळालेल्या दोन पेट्यांच्या बदल्यात आपल्यापैकी कुणी, आंबा कोणत्या बागेतला हे न विचारताच, “अस्सल रत्नागिरी हापूस” असे चित्रफितीत म्हटले. तर मुंबईतील ग्राहक फसतो आणि आपल्याच गावातील बागायतदाराचे गिऱ्हाईक जाते. तो ग्राहक जाहिरातीवर नव्हे, तर आपल्या गावच्या मुलाच्या शब्दावर विसंबलेला असतो. त्या मुलाने विकला तो हा विश्वास.

ख्रिस्तसभा जाहिरातीला पाप मानीत नाही. २२ फेब्रुवारी १९९७ रोजी सामाजिक संज्ञापनविषयक परमधर्मपीठीय परिषदेने जाहिरातींतील नीतिमत्तेवर काढलेल्या पत्रकात तीन कसोट्या दिल्या आहेत: सत्यता, मानवी प्रतिष्ठा आणि सामाजिक जबाबदारी. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशूही आपल्या होकारात व नकारात आडपडदा नसावा, अशी अपेक्षा करतो.

म्हणून आपल्या तरुणांना सांगणे आहे: मोबदला जरूर घ्या, पण काय घेतले ते आरंभीच साध्या मराठीत सांगा. जी वस्तू स्वतः वापरली नाही तिची ग्वाही देऊ नका. बोलणी लेखी ठेवा, दोष आढळल्यास तो सांगण्याची मुभा राखा. आणि “हे पैसे देऊन केले आहे असे म्हणू नका” अशी अट कुणी घातली, तर ते काम नम्रपणे नाकारा. पालकांनीही मुलांच्या घरी येणारी खोकी कुठून आली, एवढे तरी विचारावे.