मेंदूच्या नव्या वाटा

मनुष्याच्या मेंदूचे वजन सुमारे सव्वा ते दीड किलोग्रॅम असते. शरीराच्या एकूण वजनाच्या मानाने हा वाटा शंभरात दोन भागांइतकाच होय. परंतु शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ एक पंचमांश प्राणवायू हा एकटा अवयव खर्च करतो. हाताने घास उचलणे, पायाने चालणे, जिभेने बोलणे, एवढेच नव्हे, तर आनंदित होणे व दुःखी होणे, ही सर्व कामे मेंदूतील असंख्य पेशींच्या बळावर चालतात. या पेशींना प्राणवायूचा साठा करून ठेवता येत नाही. रक्त अखंड वाहत राहिले, तरच त्या जगतात.

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला, म्हणजे तेथील पेशी काही मिनिटांतच मरू लागतात. पुष्कळदा रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यामुळे असे घडते. कधी रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. मेंदूचा डावा भाग शरीराच्या उजव्या बाजूवर आणि उजवा भाग डाव्या बाजूवर सत्ता चालवतो. म्हणून डाव्या भागाला इजा झाली, तर उजवा हात व उजवा पाय लुळा पडतो. बहुतेक माणसांत वाणीचे केंद्रही डावीकडेच असल्यामुळे अशा वेळी बोलणेही जाऊ शकते. या विकाराला अर्धांगवायू किंवा पक्षाघात म्हणतात. खेड्यापाड्यांतून 'अंगावरून वारे गेले' असे म्हणण्याची चाल आहे. परंतु वाऱ्याचा या विकाराशी काहीही संबंध नाही.

अर्धांगवायूची चिन्हे सहज ओळखता येतात. मनुष्याचे तोंड एकाएकी एका बाजूला वाकडे होते, वर उचललेला हात खाली गळतो, किंवा बोलणे अडखळते. यांपैकी एकही चिन्ह दिसले, तर तेल चोळण्यात किंवा विश्रांतीची वाट पाहण्यात वेळ दवडू नये. गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. महाराष्ट्रात 108 या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास रुग्णवाहिका येते, हे घरातील लहान मुलांनाही ठाऊक असले पाहिजे.

मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. मग लुळा पडलेला हात पुन्हा हलतो कसा? या प्रश्नावर एका कुटुंबाच्या कहाणीने मोठा प्रकाश पडला.

पेद्रो बाख-ई-रीता हे मूळचे स्पेन देशातील विद्वान व कवी होते. ते न्यूयॉर्क येथे अध्यापन करीत. 1959 साली त्यांना अर्धांगवायूचा तीव्र झटका आला. अर्धे अंग लुळे पडले आणि वाचा गेली. रुग्णालयात काही आठवडे उपचार झाले, परंतु फारसा गुण आला नाही. तेव्हा मेक्सिको देशात वैद्यकाचे शिक्षण घेणारा त्यांचा मुलगा जॉर्ज त्यांना आपल्या घरी घेऊन गेला. मूल चालण्यापूर्वी रांगते, तेव्हा वडिलांनीही आधी रांगायला शिकावे, असे त्याने ठरवले. दुबळा खांदा भिंतीला टेकवून ते वृद्ध प्राध्यापक रोज रांगू लागले. शेजाऱ्यांना हे दृश्य लाजिरवाणे वाटले व त्यांनी जॉर्जला दूषणे दिली. पण पितापुत्रांनी तिकडे लक्ष दिले नाही. जमिनीवर गोट्या टाकून त्या दुबळ्या हाताने पकडणे, चांगल्या हातात भांडे धरून दुबळ्या हाताने ते घासणे, अशी घरगुती कामे हाच त्यांचा व्यायाम झाला. हळूहळू ते उभे राहिले, मग चालू लागले. वाचाही परत आली. सुमारे एका वर्षानंतर ते पुन्हा शिकवू लागले.

पुढे काही वर्षांनी कोलंबिया देशातील डोंगरांत फिरत असताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या मेंदूची तपासणी झाली, तेव्हा डॉक्टर थक्क झाले. झटक्याने झालेली मोठी हानी अजून तशीच होती! मेंदूकडून पाठीच्या कण्याकडे जाणारे बहुतेक तंतू नष्ट झाले होते. तरीही हा मनुष्य चालत, बोलत व डोंगर चढत होता. त्यांचा दुसरा मुलगा पॉल हा स्वतः डॉक्टर व मेंदूचा अभ्यासक होता. मेंदूचे उरलेले भाग गेलेल्या भागांचे काम शिकून घेऊ शकतात, अशी त्याची खात्री झाली, आणि त्याच विषयाच्या संशोधनाला त्याने पुढील आयुष्य वाहिले.

घाटात दरड कोसळून हमरस्ता बंद झाला, म्हणजे लोक जुन्या पाऊलवाटा शोधतात. पहिल्या दिवशी त्या वाटेवर काटेकुटे असतात. परंतु रोज शेकडो पावले पडू लागली, की तीच वाट रुळते. मेंदूतही काहीसे असेच घडते. एखादी हालचाल पुनःपुन्हा केली, की पेशींमधील तिचे दुवे बळकट होतात. जी हालचाल कधीच केली जात नाही, तिची वाट बुजत जाते.

भौतिकोपचाराचा, म्हणजेच फिजिओथेरपीचा, पाया हाच आहे. भौतिकोपचारतज्ज्ञ रुग्णाची शक्ती पारखतो आणि बसणे, तोल सांभाळणे, उभे राहणे, पाऊल टाकणे, या क्रमाने त्याला शिकवतो. दुबळ्या हाताने थोडी हालचाल होत असेल, तर काही रुग्णांच्या चांगल्या हाताला जाड मोजा घालतात. त्यामुळे दुबळ्या हाताला काम करावेच लागते. ही पद्धत अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी विकसित केली. आपल्याकडे 1953 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे शिक्षण देणारी शाळा सुरू झाली. त्या काळी पोलिओने अनेक मुलांचे पाय लुळे पडत असत, आणि त्यांना उभे करण्यासाठी अशा तज्ज्ञांची फार निकड होती.

व्यायाम शरीराचा असला, तरी तो मनाच्या बळावर चालतो. कालपर्यंत घर चालवणाऱ्या माणसाला आज सदऱ्याचे बटणही लावता येऊ नये, हे दुःख लहान नव्हे. अर्धांगवायू झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांना पुढे विषण्णतेचा विकार जडतो. हा आळस नव्हे, की हट्टही नव्हे. तोही एक आजारच आहे व त्यावर उपचार आहेत. घरची माणसे पुष्कळदा मायेपोटी रुग्णाचे प्रत्येक काम स्वतः करतात, त्याला घास भरवतात. परंतु जो घास तो सांडत-लवंडत का होईना, स्वतः उचलू शकतो, तो त्याला उचलू द्यावा. आजोबांशेजारी बसून चेंडू त्यांच्या दुबळ्या हातात देणारे आणि तो दहा वेळा पडला, तरी न कंटाळता उचलून आणणारे नातवंडही त्यांच्या उपचाराला हातभार लावत असते.

मात्र गेलेली शक्ती मिळवण्यापेक्षा आहे ती राखणे सोपे असते. 2016 साली 32 देशांतील रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून असे दिसले, की दहापैकी जवळजवळ नऊ झटक्यांचा संबंध ज्यांना आवर घालता येतो अशा दहा कारणांशी आहे. वाढलेला रक्तदाब हे त्यांतील सर्वांत मोठे कारण होय. तो बहुधा दुखत नाही व खुपतही नाही. म्हणूनच मोठ्या माणसांनी तो वेळोवेळी मोजून घ्यावा. धूम्रपान, मधुमेह, मद्यपान, अयोग्य आहार, बैठे जीवन, वाढलेली चरबी, हृदयाचे काही विकार आणि मनावरील सततचा ताण ही इतर कारणांपैकी काही होत. मीठही बेतानेच खावे. प्रौढ माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या सपाट चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे व पापड यांतील मीठही याच हिशेबात धरावे लागते.

वय व आनुवंशिकता यांवर मनुष्याची सत्ता चालत नाही. सवयींवर मात्र चालते, आणि सवयी लहानपणीच लागतात. जो लहानपणी मैदानावर धावतो व तंबाखूला शिवत नाही, तो आपल्या रक्तवाहिन्यांचे रक्षणच करीत असतो. आणि इतके करूनही संकट आलेच, तर मेंदू पुन्हा शिकू शकतो; मात्र त्याला रोजचा अभ्यास लागतो, आणि शेजारी धीर देणारे माणूस लागते.