स्वीडनचे १९०९ साल

मुलांनो, युरोपच्या उत्तरेला स्वीडन नावाचा देश आहे. या देशाच्या इतिहासात १९०९ हे साल महत्त्वाचे मानतात. त्या एका वर्षात तिथे काय काय घडले, ते आपण पाहू.

पूर्वी स्वीडनमध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी सर्वांना मत देता येत नसे. ज्या पुरुषांजवळ मालमत्ता किंवा ठरावीक उत्पन्न असे, त्यांनाच तो हक्क होता. १९०९ साली संसदेने ही अट काढली. त्यामुळे चोवीस वर्षांवरील कामकरी पुरुषांनाही मताचा हक्क मिळाला. स्त्रियांना मात्र तो मिळाला नाही.

त्याच वर्षी निसर्गाच्या रक्षणासाठी नऊ राष्ट्रीय उद्याने स्थापन झाली. युरोपातील ही पहिली राष्ट्रीय उद्याने होत.

ऑगस्ट महिन्यात कामगारांचा मोठा संप झाला. मंदीमुळे मालक मजुरी कमी करू लागले होते. म्हणून सुमारे तीन लाख कामगारांनी काम बंद केले. आजाऱ्यांची सेवा आणि पाणीपुरवठा ही कामे मात्र त्यांनी चालू ठेवली. शेवटी संप फसला आणि अनेकांची नोकरी गेली.

डिसेंबरमध्ये एक आनंदाची घटना घडली. सेल्मा लागरलॉफ या लेखिकेला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या जगातील पहिल्या स्त्री होत. लहानपणी आजारामुळे त्यांचा पाय अधू झाला होता. इतर मुले खेळत, तेव्हा त्या आजीजवळ बसून गोष्टी ऐकत. पुढे त्या मुलींच्या शाळेत शिक्षिका झाल्या. शाळेतील मुलांना आपल्या देशाचा भूगोल कळावा म्हणून त्यांनी एक वाचनपुस्तक लिहिले. त्यातला नील्स नावाचा खोडकर मुलगा अंगठ्याएवढा होतो आणि हंसाच्या पाठीवर बसून सारा देश पाहतो. शाळेसाठी लिहिलेले हे पुस्तक पुढे जगभर वाचले गेले.

वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांचे राहते घर विकले गेले होते. सेल्माबाईंनी ते आधीच परत घेतले होते. आता पारितोषिकाच्या पैशातून त्यांनी तिथली शेतजमीनही परत मिळवली.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या स्त्रीचा राजाने स्वतःच्या हाताने सन्मान केला, तिला संसदेच्या निवडणुकीत मत देता येत नव्हते! सेल्माबाई गप्प बसल्या नाहीत. १९११ साली स्टॉकहोम येथे स्त्रियांच्या मताधिकारासाठी मोठी परिषद भरली. तिथे त्यांनी भाषण केले. स्त्री आणि पुरुष मिळून घर चांगले चालवतात, मग राज्य चालवताना स्त्रीला दूर का ठेवायचे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

अखेर १९२१ साली स्वीडनच्या स्त्रियांनी संसदेसाठी प्रथमच मत दिले. त्या वेळी सेल्माबाईंचे वय बासष्ट वर्षांचे होते. नोबेल पारितोषिकानंतर मताच्या हक्कासाठी त्यांना बारा वर्षे थांबावे लागले.